आधी चिडा, मग फोटो

"हसा" हा शब्द काकांच्या स्टुडिओत चालायचा नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसून आपणहून दात दाखवायला लागलं की काका कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढायचे आणि विचारायचे, "काय झालं? मी काही विनोद केला का?" गिऱ्हाईक ओशाळून तोंड मिटायचं. मग काका अगदी सहज, लाईटची छत्री सरकवता सरकवता विचारायचे, "शेजारी कसे आहेत तुमचे?"

बस्स, एवढंच लागायचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत शेजाऱ्यावर खूश असलेला माणूस मला तरी अजून भेटायचाय. कुणाचं पाणी चोरलेलं असायचं, कुणाच्या दारासमोर रोज दुसऱ्याची स्कूटर लागलेली असायची, कुणाच्या भिंतीत वरच्यांच्या मोरीची ओल उतरलेली असायची. माणूस सुरू व्हायचा. हात वर, डोळे मोठे, मानेची शीर टरारलेली. काका नुसते "हो का? अरेच्चा! मग तुम्ही काय म्हणालात?" करत राहायचे. आणि सगळं ओकून झाल्यावर तो दम घ्यायला थांबला की खटक! काम झालं.

"चिडून झालं ना, की माणूस घटकाभर निवांत होतो," काका म्हणायचे. "पोट साफ झाल्यासारखा. तोच त्याचा खरा चेहरा. हसऱ्या फोटोत काय, सगळेच टूथपेस्टवाले."

आता ऐकायला हा चक्रमपणा वाटेल, आणि होताच तो. पण त्या फोटोंतली माणसं काय दिसायची! डोळ्यांत जीव, गालावर रंग, आणि तोंडावर असा भाव की आत्ता उठून आपल्याला चहा विचारतील.

काकांचा स्टुडिओ होता उल्हासनगरच्या कॅम्प दोनला. एका बाजूला पापडवाले सिंधी शेठ, दुसऱ्या बाजूला जीन्सच्या चेनी-बटणांचं दुकान, आणि मधे दोघांनी कोपरानं ढकलून दिल्यासारखी काकांची चिंचोळी जागा. काका मूळचे बदलापूरचे, मांजर्लीतले. घरची भातशेती होती, पण यांचं लक्ष भातात कधी नव्हतंच. बांधावर बसून हे येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायचे. वडिलांनी कंटाळून सांगितलं, "जा बाबा, तोंडंच बघायचीत तर त्याचंच काहीतरी कर," आणि काकांनी ते मनावर घेतलं.

मी अंबरनाथच्या बुवापाड्यातली. बी.कॉम. झाले, कंप्युटरचा एक कोर्स केला, आणि काकांकडे फोटो साफ करायच्या कामाला लागले. पासपोर्टचे फोटो कापायचे, पुटकुळ्या घालवायच्या, मागचा पडदा सारखा करायचा. तो तपकिरी पडदा उंदरानं कुरतडला होता. त्याला मीच ठिगळ लावलं होतं, आणि ते जरासं जास्तच चॉकलेटी आलं होतं. काकांनी ते कधी बदलू दिलं नाही. म्हणाले, "राहू दे गो बाय, आपली खूण."

पण सगळ्यात वैतागवाणं काम म्हणजे हाराचा फोटो. घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आधी माणसं यायची ती हातात कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन. "यातले आमचे दादा तेवढे मोठे करून द्या." दादा मागच्या रांगेत, अर्धे कुणाच्यातरी फेट्याआड, तोंडात घास. एकदा एका आजोबांच्या खांद्यावर कुणाचातरी मेंदीचा हात होता. तो काढता काढता माझी सबंध दुपार गेली. शेवटी मुलगा म्हणाला, "राहू द्या हो ताई, आमच्या आईचाच असेल." शेजारी बसलेल्या आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि थंडपणे म्हणाली, "माझा नाही." त्या घरात पुढे काय झालं देव जाणे. फोटो मात्र हात काढूनच गेला.

त्या दिवशी काकांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. माणसाचा हाराचा फोटो जिवंतपणीच काढायचा. नीट बसवून, नीट चिडवून, आणि फुकट. साठीच्या पुढचा माणूस दिसला की हे विचारणार, "झाला का हो तुमचा? नाही ना? मग या उद्या. नंतर कापाकापी करण्यापेक्षा बरं." रिक्षात, देवळात, भाजीच्या गाडीवर, कुठेही. लोक चप्पल काढायच्या बेतात यायचे. आपल्याकडे मरणाचं नाव काढलं तरी तीनदा थू थू करतात, आणि हा गृहस्थ अपॉइंटमेंट देत फिरतोय!

पापडवाले शेठ तर दुकानातून उठून भांडायला आले. "मास्टर, मेरे को मारना है क्या? जिंदा आदमी को हार का फोटो पूछता है?"

"सेठ, मैं तो पड़ोसी के नाते बोला," काका शांतपणे म्हणाले. "बाकी आपका भाई कैसा है?"

शेठचा आणि त्यांच्या भावाचा खारातल्या लिंबाच्या लोणच्यावरून अबोला होता, म्हणजे धंदा वाटून घेताना लोणचं कुणाकडे गेलं यावरून. शेठ स्टुलाकडे बघतसुद्धा नव्हते, पण बोलता बोलता कधी बसले त्यांनाच कळलं नाही. अर्धा तास भावाचा उद्धार झाला. मग त्यांनी पांढऱ्या भुवया वर करून एक मोठा सुस्कारा टाकला, आणि खटक. फोटो बघितल्यावर शेठनी तो उजेडाला नेऊन परत बघितला. मग म्हणाले, "साईं, ये तो मेरे बाबा लग रहे हैं." त्यानंतर त्यांनीच गल्लीतले सगळे म्हातारे एकेक करून पाठवले, आणि सोबत पापडही.

माझं लग्न ठरवायला फोटो पाहिजे होता तोही काकांनीच काढला. मी मुळातच तापट. आई म्हणायची, ही नुसती बोलली तरी शेजारी खिडकीत येतात. साडी नेसून, वेणी घालून, पापण्या खाली करून मी बसले. काका म्हणाले, "अंबरनाथहून येताना रिक्षावाल्यानं सुट्टे दिले का गं?" झालं! स्थळाकडे जो फोटो गेला त्यात माझी वेणी पुढे आलेली, पदर खोचलेला, नाकाचा शेंडा लाल. आई रडायचीच बाकी राहिली. काका तिला म्हणाले, "वहिनी, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं." नवरा अजून सांगतो, "फोटो बघूनच मी टरकलो, नाही म्हणायची हिंमत झाली नाही." बावीस स्थळांना सोज्ज्वळ फोटो पाठवून बसलेल्या माझ्या मावसबहिणीच्या आधी माझं लग्न झालं, हे मी आईला बरेच दिवस ऐकवलं.

आणि काकू. काकूंना चिडवायची कधी गरजच पडली नाही. त्या चिडलेल्याच असायच्या.

रोज सकाळी दोघं बरोबर यायची. काका शटर वर करायचे, काकू झाडू मारून उदबत्ती लावायच्या आणि मग काका म्हणायचे, "बस गो जरा, लाईट बघतो." काकू भाजीची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसायच्या आणि तोंड सुरू. "बघा, बघा लाईट. जन्म गेला लाईट बघण्यात. अवो, गॅसचा नंबर लावायचा व्हता त्याचं काय झालं? त्या धाकट्या भावजयीला हो म्हणून बसलात, आता ती चार दिवस ऱ्हायला येतंय, कोन करनार?" काका हूं हूं करत छत्री इकडे सरकव, दिवा तिकडे वळव, एक फोटो काढ, कॅमेऱ्यात बघ, "नाक चमकतंय," असं म्हणून तो पुसून टाक. परत काढ, परत पुस. लाईट जमला की काकू उठायच्या, काउंटरमागे जाऊन भाजी निवडायला लागायच्या, आणि दुकान सुरू व्हायचं. माझ्या तिथल्या सबंध नोकरीत ही पूजा एक दिवस चुकली नाही.

एकदा मी म्हटलं, "काका, काकूंचा एखादा तरी ठेवा ना." तर म्हणाले, "कॅमेऱ्याचं कार्ड केवढंसं! गिऱ्हाइकाला जागा नको? आणि ती काय, रोजचीच आहे."

रोजचीच आहे! आपण सगळेच असं म्हणतो घरच्या माणसाबद्दल, काकांना एकट्याला कशाला बोल लावू.

पुढे माझं लग्न झालं, मी बदलापूरला आले, पूर्वेला. हातोहाती मोबाईल आले आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोपुरतंसुद्धा कुणी फिरकेना. काकांनी गाळा सोडला, कंप्युटर मांजर्लीच्या घरी नेऊन खालच्या खोलीत ठेवला. आणि पुढच्याच पावसाळ्यात नदी घरात आली. मांजर्लीला नदीचं येणं नवं नाही, पण त्या वर्षी ती कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत आली. निगेटिव्ह, अल्बम, पेट्या, सगळ्याचा लगदा. कंप्युटरमधली हार्ड डिस्क काकांनी काढली. कुणीतरी सांगितलं होतं, भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात. काकांनी वरच्या मजल्यावरून डबाभर तांदूळ मागून आणले आणि डिस्क त्यात खुपसून ठेवली. काकूंनी मागून त्याच तांदळाच्या इडल्या केल्या, आणि येईल त्याला "खावा, फोटोंच्या इडल्या हायत" म्हणून वाढल्या. मलाही वाढल्या. चांगल्या झाल्या होत्या.

मग काका ती डिस्क घेऊन कॅम्प दोनला एका कंप्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं दोन दिवसांनी सांगितलं, "अंकल, ये तो मर गया." काकांनी ती परत आणलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मेलेलं घरात कशाला आणायचं? तिथंच ठेवून आलो." बाप रे बाप! दुसरा कुणी असता तर निदान खुंटीला टांगली असती. पण हे काका.

काकू गेल्या त्यानंतर काही वर्षांनी. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. मी गेले तेव्हा पाटावर तांब्या होता, दिवा होता, फोटो नव्हता. अख्ख्या पंचक्रोशीचे हाराचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा फोटो नव्हता. भेटायला आलेले बाहेर पडून कुजबुजायचे. काहीजण तर कुजबुजायचेही कष्ट घेत नव्हते, तोंडावरच बोलत होते.

म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. सुनेच्या मोबाईलमध्ये होते, पण ते सगळे तिचे सेल्फी, त्यात सासूबाईंचं अर्धं कपाळ. कुठल्याशा बारशातला एक होता, त्यात काकूंना पापण्या आणि सशाचे कान लावलेले. आधार कार्डावरचा होता. मी म्हटलं, "काका, द्या तो, मी करते मोठा, साफ करते." काकांनी कार्ड हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं. "ही ती नाही. ही सरकारला घाबरलेली कुणीतरी बाई आहे."

भिंत मोकळीच राहिली. त्यातच काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचा डावा कोपरा तेवढा राहिला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोही हळूहळू जाणार. मी अधूनमधून जायचे. एकदा असेच बसलो होतो, तर मान वाकडी करून, त्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाय, मी तिला रोज पुसत होतो गं. रोज. तिला वाटलं असेल याला बायको दिसतच नाही, नुसता लाईट दिसतो." मी काहीतरी "छे हो काका" असं म्हटलं. तेवढ्यानं काय होतंय. "एक जरी राहिला असता," ते म्हणाले, "तर डोळे असेपर्यंत बघितला असता." मला इतकं भरून आलं की मी उगाच सुनेवरच डाफरले, चहा गार झाला म्हणून.

मी आता घरीच लग्नाचे अल्बम, कार्डं, जाहिरातीची पत्रकं करते. मध्यंतरी अंबरनाथच्या एका दुकानदाराचं काम आलं. कानाची मशिनं विकतो. त्यानं नमुना म्हणून इंटरनेटवरची कुठलीतरी जाहिरात पाठवली आणि खाली लिहिलं, "मॅडम, म्हातारी अशी पाहिजे, फ्रेश."

मी उघडली आणि खुर्चीत ताठ झाले. ती आमच्या बुवापाड्यातली म्हातारी होती! आमच्या चाळीतली, नळावरची! वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "आता मला सगळं ऐकू येतं." अहो, तिला सगळंच ऐकू यायचं! चार घरं पलीकडे कुणी कुजबुजलं तरी ही दारात येऊन उत्तर द्यायची. जाऊन कित्येक वर्षं झाली बिचारीला. आणि तिच्या मागे तो तपकिरी पडदा, आणि पडद्यावर ते जरा जास्तच चॉकलेटी ठिगळ.

फोटो टाकून फोटो शोधायची सोय असते, ती मी कामासाठी नेहमी वापरते. त्यात म्हातारी टाकली. बघते तर काय, बाई जगभर कामाला लागलेली! कुठे खोकल्याचं औषध, कुठे विमा, कुठे गुडघ्याचं तेल, एका ठिकाणी भुताच्या गोष्टींच्या चॅनेलवर तर चक्क हडळ. त्यातूनच मी एका फोटो विकणाऱ्या साईटवर पोचले. खाली लिहिलेलं, याच विक्रेत्याचे आणखी फोटो. तिथे बोट ठेवलं आणि आमची सगळी माणसं समोर आली. कॅम्प दोनची, बुवापाड्याची, मांजर्लीची. एकामागे एक, प्रत्येकाच्या मागे माझं ठिगळ. पापडवाले शेठ होते, खाली नाव "अरब व्यापारी, निवृत्त". आमचा रिक्षावाला होता, "समाधानी शेतकरी". मीसुद्धा होते! वेणी पुढे, नाक लाल. "कर्मचारी, ग्राहक तक्रार".

कोण मेला हा? विक्रेत्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. काय झालं असेल ते मला लख्ख कळलं. मेलेली डिस्क कुणीतरी जिवंत करून घेतली होती आणि आमच्या माणसांना बाजारात बसवलं होतं. मी तशीच रिक्षा करून कॅम्प दोनला गेले. त्या दुरुस्तीवाल्याच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. कव्हरवाल्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, तरी मी त्याला थोडं बोलून घेतलं. तिथून थेट मांजर्ली.

वाटलं होतं, काका संतापतील. मी तर तक्रारीचा मजकूरसुद्धा मनात तयार करून नेला होता. सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तांदळानं काम केलं तर!"

"काका, चोरी झालीय आपली!"

"हो गं, ते कळलं. दाखव आधी."

मोबाईल त्यांनी कानाजवळ धरल्यासारखा धरला, त्या एका कोपऱ्यात आणायला. एकेक फोटो सरकवायला लावायचे. "थांब. हा तो दूधवाला. वहिनीला शिव्या देत होता. पुढे. ही ती बाई, जावयाचं नाव काढलं की पेटायची. हा गेला का गं? गेला? अरेरे. पुढे." सून स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात धरून उभी राहिली, तिलाही जागचं हलवेना. असं बराच वेळ चाललं. मला कळत होतं, ते दुसऱ्यांची नावं घेत होते आणि शोधत होते एकीलाच. एखादा पुसायचा राहिला असेल, एवढीच आशा. विचारायचं धैर्य दोघांनाही होत नव्हतं. शेवटी त्यांनीच विचारलं, "माझी आहे का त्यात? तू बघून ये पुढचे. मला नीट दिसायचं नाही."

मी सगळे बघितले, शेवटपर्यंत. काकू नव्हत्या. रोजच्या रोज पुसलेल्या, त्या डिस्कपर्यंत पोचल्याच नव्हत्या. हे कसं सांगायचं म्हणून मी परत मागे सरकवत आले, आणि एका फोटोवर थांबले. मघाशी घाईत निसटला होता. स्टुलावर एक माणूस. शर्टाचं वरचं बटण उघडं, चष्मा कपाळावर, आणि मांडीवर भाजीची पिशवी. खाली लिहिलेलं, "सुखी ज्येष्ठ नागरिक".

"हा कोण म्हातारा?" काकांनी कोपऱ्यातून बघत विचारलं.

"काका, तुम्ही."

"मी? मला कोणी बसवलं तिथं?" म्हणत त्यांनी मोबाईल परत डोळ्याशी नेला. स्टुडिओत माणसं तीन, काका, काकू आणि मी, आणि मी त्या कॅमेऱ्याला कधी हात लावलेला नव्हता.

"हिनं काढलाय," काका म्हणाले. "तू लग्न होऊन गेलीस त्यानंतर एकदा खवळली होती. म्हणाली, रोज मलाच काय बसवता, आज तुमी बसा, मी बघते लाईट. पिशवीसुद्धा माझ्या मांडीवर टाकली. तिला बटण सापडेना. कॅमेऱ्याच्या मागून मलाच ओरडत होती, हलू नका म्हणून. मग गिऱ्हाईक आलं आणि ते तसंच राहिलं. मी तो बघितलाच नाही गं कधी."

"साईटवाल्यांना आजच लिहिते," मी म्हटलं.

"लिहिशील. आधी ज्याचं माणूस त्याच्या घरी पोचव. मग कर तुझं भांडण." त्यामुळे मी आधी घरं शोधत फिरले. बुवापाड्यात म्हातारीच्या मुलाला फोटो दिला तर तो आई गेल्यासारखा नव्यानं रडला. मग मी भांडले. साईटवाले म्हणाले, हे फोटो तुमचेच कशावरून? तर काकांचा तो पडदा सुनेनं वॉशिंग मशिनवर घातलेला निघाला. ठिगळाचा जवळून फोटो काढून पाठवला, तेव्हा कुठे मुकाट्यानं सगळे उतरवले.

काकांचा तो फोटो मी मोठा केला, चांगल्या कागदावर, साधी लाकडी चौकट घालून. त्याला काहीसुद्धा साफसफाई केली नाही. तो थोडा हललेला होता, कपाळ जरा चमकत होतं. ते तसंच ठेवलं. घेऊन गेले तर सून घाबरली. "ताई, जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर, तोही आईंच्या जागेवर? लोक काय म्हणतील? कुणी सवयीनं हार घातला म्हणजे?"

"कुणी हार आणला तर मला दे, मी गळ्यात घालून बसतो," काका म्हणाले. "लाव तू."

मी स्टुलावर चढून फोटो लावला. काका समोर येऊन उभे राहिले. मान डावीकडे, उजवीकडे, खाली, वर करून बघितली. तोवर तो कोपराही धुरकटला होता. चौकट दिसत होती, आतलं नाही.

"बाय, मला सांग, काय दिसतंय. गिऱ्हाइकाला सांगायचीस तसं नको. खरं सांग."

मी फोटोकडे बघितलं. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांचे चेहरे पकडले, आणि त्याचा स्वतःचा चेहरा असा असतो हे रोज समोर असूनही माझ्या कधी नीट ध्यानात आलं नव्हतं. त्यात चिडणं नव्हतं, आणि काकांना नको असलेलं ते दात दाखवणंही नव्हतं. समोर कुणीतरी कॅमेऱ्याशी झटापट करत ओरडतंय, आणि हे गृहस्थ मांडीवर भाजीची पिशवी धरून तिच्याकडे असे बघतायत की दुकान, गिऱ्हाईक, लाईट, कशाचीही शुद्ध नाही. तिनं आणखी तासभर ओरडावं आणि आपण बसून राहावं, एवढंच काय ते त्या डोळ्यांत. मी जसं जमेल तसं हे सांगितलं.

"असा बघत होतो मी?"

"असेच."

"म्हणजे रोज लाईट बघताना पण असाच असेन?"

"रोज. मी काउंटरवरून बघत होते ना."

काका चाचपडत मागे येऊन खुर्चीत बसले.

"मग तिला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काका," मी डोळे पुसत म्हटलं, "अख्ख्या कॅम्प दोनला ठाऊक होतं."